सर्व्हरवर चालते, इतर संगणकांवरून जोडणी होत नाही: बंद केलेली विंडोज सर्व्हिस कशी शोधावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. इचलकरंजीतील एका कापड व्यवसायाच्या कार्यालयात बिलिंगचे सॉफ्टवेअर वापरले जाते. त्याचा डेटा एका विंडोज संगणकावरील एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये आहे आणि आणखी चार संगणक लॅनवरून त्याला जोडलेले आहेत. मुख्य संगणक हळू चालतो म्हणून त्यावर ‘अनावश्यक सर्व्हिसेस बंद करून वेग वाढवणारी’ एक स्क्रिप्ट चालवली गेली (सर्व्हिस म्हणजे पडद्यामागे चालत राहणारा प्रोग्रॅम). दुसऱ्या दिवसापासून मुख्य संगणकावर सॉफ्टवेअर नीट उघडते, पण बाकीच्या चारही संगणकांवर ‘एरर २६: एरर लोकेटिंग सर्व्हर/इन्स्टन्स स्पेसिफाइड’ असा संदेश येतो. राउटर आणि केबल बदलून झाल्या, सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवून झाले, पिंगला उत्तर येते. जोडणी मात्र होत नाही.

सर्वांत दाट शक्यता अशी, की मुख्य संगणकावरील ‘एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर’ ही सर्व्हिस त्या स्क्रिप्टने डिसेबल केली आहे. पण तेवढी एक सर्व्हिस सुरू करून थांबू नये, कारण अशा स्क्रिप्ट एकाच सर्व्हिसला हात लावून थांबत नाहीत. जोडणी नेमकी कोणत्या टप्प्यावर तुटते हे आधी पाहावे, मग सर्व्हिस कोणी बंद केली ते शोधावे आणि त्यानंतरच जेवढ्या लागतात तेवढ्याच सर्व्हिसेस सुरू कराव्यात. याच क्रमाने पुढे लिहीत आहे.

तुम्ही दिलेल्या माहितीत सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे मुख्य संगणकावर सॉफ्टवेअर चालते. एसक्यूएल सर्व्हर आणि त्याला जोडणारे सॉफ्टवेअर एकाच यंत्रावर असले, की जोडणी सहसा ‘शेअर्ड मेमरी’च्या मार्गाने होते, तिला टीसीपी पोर्ट (नेटवर्कवरून येणाऱ्या विनंतीसाठीचा क्रमांकित दरवाजा), फायरवॉलची परवानगी किंवा ब्राउझर सर्व्हिस यांपैकी काहीही लागत नाही. म्हणजे डेटाबेस शाबूत आहे, त्याची मूळ सर्व्हिस चालू आहे आणि लॉगिनचा पासवर्ड बरोबर आहे, एवढे यावरून निश्चित होते. नेटवर्कवरून येणाऱ्या विनंतीचे काय होते, याविषयी मात्र काहीच कळत नाही. सॉफ्टवेअर पुन्हा बसवूनही फरक पडला नाही, त्याचे कारण हेच आहे. पिंगचीही मर्यादा अशीच आहे. समोरचे यंत्र नेटवर्कवर आहे आणि त्याचे नाव आयपी पत्त्यात बदलते, इतकेच पिंग सांगते. त्या यंत्रावर अमुक पोर्टवर कोणी ऐकत बसले आहे का, हे ती कधीही सांगत नाही.

आता त्या २६ क्रमांकाकडे पाहू. एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस सहसा ‘नेम्ड इन्स्टन्स’, म्हणजे स्वतःचे नाव असलेली डेटाबेसची प्रत, म्हणून बसते, म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये संगणकाचे नाव, मग बॅकस्लॅश आणि मग ‘एसक्यूएलएक्स्प्रेस’ असे लिहिलेले असणार. अशा इन्स्टन्सला टीसीपीचा ठरावीक १४३३ हा पोर्ट मिळत नाही; पहिल्यांदा सुरू होताना ती कोणताही मोकळा पोर्ट घेते. मग तो पोर्ट क्लायंट संगणकाला, म्हणजे जोडणी मागणाऱ्या बाकीच्या संगणकांना, कसा कळावा? क्लायंट मुख्य संगणकाच्या यूडीपी १४३४ या पोर्टवर (यूडीपी ही टीसीपीसारखीच माहिती पाठवण्याची दुसरी पद्धत) विचारणा करतो आणि ब्राउझर सर्व्हिस त्याला इन्स्टन्सचा पोर्ट सांगते, जसा सोसायटीच्या फाटकावरचा पहारेकरी पाहुण्याला घराचा क्रमांक सांगतो. त्या विचारणेला उत्तरच आले नाही, की २६ क्रमांकाची चूक दिसते. याची कारणे मोजकीच आहेत: ब्राउझर सर्व्हिस बंद आहे, यूडीपी १४३४ फायरवॉलमध्ये अडला आहे, किंवा संगणकाचे वा इन्स्टन्सचे नाव चुकीचे आहे. कालपर्यंत चालणारे नाव चारही संगणकांवर एकाच दिवशी चुकण्याचा संभव नाही, म्हणून पहिली दोन कारणे उरतात.

ही दोन्ही कारणे कोणतेही नवे सॉफ्टवेअर न बसवता तपासता येतात. मुख्य संगणकावर ‘एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर’ उघडा, नेटवर्क कॉन्फिगरेशनमध्ये तुमच्या इन्स्टन्सचे प्रोटोकॉल पाहा, टीसीपी/आयपीच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘आयपी अॅड्रेसेस’ या टॅबवर अगदी तळाशी ‘आयपी ऑल’ असा भाग असतो. तेथे ‘टीसीपी डायनॅमिक पोर्ट्‌स’समोरचा आकडा लिहून घ्या. टीसीपी/आयपी हा प्रोटोकॉल ‘एनेबल्ड’ आहे ना, हेही त्याच वेळी पाहा. मग एखाद्या क्लायंट संगणकाच्या डेस्कटॉपवर नोटपॅडची एक रिकामी फाइल तयार करून तिचे एक्स्टेन्शन ‘टीएक्सटी’ऐवजी ‘यूडीएल’ करा. एक्स्टेन्शन दिसत नसेल तर फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूतून आधी ते दिसू द्यावे, नाहीतर नाव बदलूनही फाइल टीएक्सटीच राहते. त्या फाइलवर डबल क्लिक केले की जोडणी तपासण्याची विंडोजची स्वतःची खिडकी उघडते. पहिल्या टॅबवर एसक्यूएल सर्व्हरचा ओएलई डीबी प्रोव्हायडर निवडा, दुसऱ्या टॅबवर सर्व्हरचे नाव व लॉगिन भरा आणि ‘टेस्ट कनेक्शन’ दाबा.

ही चाचणी दोनदा करायची आहे. पहिल्या वेळी सर्व्हरचे नाव नेहमीप्रमाणे बॅकस्लॅश आणि इन्स्टन्सच्या नावासह द्या. दुसऱ्या वेळी बॅकस्लॅश व इन्स्टन्सचे नाव काढून संगणकाचे नाव, मग स्वल्पविराम आणि मग लिहून घेतलेला पोर्ट द्या. पोर्ट थेट दिल्यामुळे दुसऱ्या चाचणीत ब्राउझर सर्व्हिसची गरजच उरत नाही. पहिली चाचणी फसली आणि दुसरी यशस्वी झाली, तर दोष ब्राउझर सर्व्हिसमध्ये किंवा यूडीपी १४३४ च्या वाटेत आहे. दोन्ही फसल्या, तर अडथळा त्याही अलीकडे आहे आणि नुसती ब्राउझर सर्व्हिस सुरू करून काम होणार नाही. दुसऱ्या चाचणीत ‘लॉगिन फेल्ड’ असा संदेश आला तरी नेटवर्कच्या दृष्टीने ती यशस्वीच समजावी, कारण पासवर्ड नाकारण्यासाठी का होईना, डेटाबेसने उत्तर दिलेले असते.

पहिला निकाल लागला तर दुरुस्ती सोपी आहे. मुख्य संगणकावर रन खिडकीत ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ देऊन सर्व्हिसेसची यादी उघडा आणि ‘एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर’ शोधा. स्टार्टअप टाइप ‘डिसेबल्ड’ असेल तर ‘स्टार्ट’चे बटण फिके दिसेल, ते बिघाडाचे लक्षण नाही. आधी स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ करा, ‘अप्लाय’ दाबा, मग ‘स्टार्ट’ करा. फायरवॉलमध्ये यूडीपी १४३४ साठी आत येणारा नियम आहे का पाहा. नसेल तर तो फक्त खासगी नेटवर्कपुरता द्या.

ही सर्व्हिस बंद करण्याकडे स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांचा आणि सुरक्षेच्या याद्या करणाऱ्यांचा कल का असतो, हेही सांगायला हवे. २५ जानेवारी २००३ रोजी ‘एसक्यूएल स्लॅमर’ नावाचा वर्म (स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्रॅम) याच यूडीपी १४३४ पोर्टमधून जगभर पसरला. तो संपूर्ण वर्म अवघा ३७६ बाइटचा होता आणि त्याने वापरलेली त्रुटी दुरुस्त करणारा पॅच जुलै २००२ मध्येच उपलब्ध झालेला होता. त्या अनुभवानंतर नेटवर्कला लागणाऱ्या गोष्टी मुळात बंद ठेवण्याची पद्धत रूढ झाली. आजही एक्स्प्रेस आवृत्ती बसवल्यावर टीसीपी/आयपी सुरुवातीला बंद असते. सॉफ्टवेअर बसवणारा तंत्रज्ञ ते सुरू करून जातो आणि पुढे ते कोणाच्या लक्षातही राहत नाही. म्हणून ही सर्व्हिस बंद असणे हीच मुळात चूक आहे असे मी म्हणणार नाही. उलट तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वल्पविराम व पोर्ट अशी नोंद चालत असेल, तर इन्स्टन्सला एक कायमचा पोर्ट देऊन ब्राउझर बंदच ठेवणे मला अधिक पसंत आहे. त्यासाठी त्याच ‘आयपी ऑल’ भागात डायनॅमिक पोर्टची चौकट रिकामी करावी, ‘टीसीपी पोर्ट’मध्ये आकडा द्यावा आणि एसक्यूएल सर्व्हरची मूळ सर्व्हिस पुन्हा सुरू करावी. डायनॅमिक पोर्टच्या भरवशावर फायरवॉलचा नियम लिहिणे हे मात्र टाळावे. इन्स्टन्स शक्यतो मागच्याच पोर्टवर परत सुरू होते, त्यामुळे महिनोन्‌महिने सगळे सुरळीत चालते; पण एखाद्या दिवशी तो पोर्ट दुसऱ्या प्रोग्रॅमने घेतलेला असला, की डेटाबेस नवा पोर्ट घेतो आणि नियम मात्र जुन्याच आकड्याला धरून बसतो.

दोन्ही चाचण्या फसल्या, तर खरे काम सुरू होते. क्लायंट संगणकावर पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही कमांड मुख्य संगणकाचे नाव व पोर्ट देऊन चालवा. ती फक्त टीसीपी तपासते, यूडीपी नाही, हे ध्यानात ठेवा. मुख्य संगणकावर ‘नेटस्टॅट’ने तो पोर्ट ‘लिसनिंग’ अवस्थेत आहे का, तेही पाहा. तेथे पोर्ट दिसतच नसेल, तर टीसीपी/आयपी प्रोटोकॉल बंद आहे किंवा तो सुरू केल्यानंतर डेटाबेसची सर्व्हिस रीस्टार्ट केलेली नाही. पोर्ट लिसनिंग दिसतो पण बाहेरून जोडणी होत नाही, तेव्हा संशय फायरवॉलवर जातो. बाहेरून ‘नकार’ लगेच, दोनेक सेकंदांत मिळाला, तर पॅकेट यंत्रापर्यंत पोहोचले पण तेथे ऐकणारे कोणी नाही असे समजावे. उत्तर न येता वेळ संपली, तर मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. विंडोजची फायरवॉल बंद पोर्टवर आलेली विचारणाही गुपचूप टाकून देते, त्यामुळे थांबलेली सर्व्हिस आणि अडवलेला पोर्ट बाहेरून अगदी सारखेच दिसू शकतात. म्हणूनच चाचणी दोन्ही बाजूंनी करायची.

फायरवॉलच्या बाबतीत एक साखळी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण अशा स्क्रिप्टनंतर ती वारंवार आढळते आणि वरवर पाहता डेटाबेसशी तिचा काहीही संबंध दिसत नाही. आपण कोणत्या नेटवर्कवर आहोत हे ओळखण्याचे काम विंडोजमध्ये ‘नेटवर्क लोकेशन अवेअरनेस’ आणि ‘नेटवर्क लिस्ट सर्व्हिस’ यांच्याकडे असते. या बंद झाल्या की कालपर्यंत ‘प्रायव्हेट’ असलेले कार्यालयाचे नेटवर्क ‘अनोळखी’ ठरू शकते, आणि अनोळखी नेटवर्कला विंडोज ‘पब्लिक’ मानते. सॉफ्टवेअरवाल्याने एसक्यूएलसाठी दिलेला फायरवॉलचा नियम फक्त प्रायव्हेट नेटवर्कपुरता असेल, तर तो नियम जागेवर असूनही लागू होत नाही. नियमांच्या यादीत हिरवी खूण दिसते, पोर्ट बरोबर असतो, सर्व्हिस चालू असते आणि तरीही जोडणी होत नाही. अशा वेळी पब्लिक नेटवर्कसाठीही नियम खुला करून मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळा आणि नेटवर्क ओळखणाऱ्या सर्व्हिसेस पूर्ववत करून यंत्र रीस्टार्ट करा.

फायरवॉलच अडवते का, हे पाहण्यासाठी ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल’ ही सर्व्हिस थांबवण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. तो मानू नका. ही सर्व्हिस डिसेबल करणे मायक्रोसॉफ्टला मान्य नाही. त्यामुळे स्टार्ट मेनू चालेनासा होणे, अॅप्स बसवता किंवा अपडेट करता न येणे, असे संबंध नसलेले वाटणारे परिणाम होतात. तपासायचेच असेल तर फायरवॉलच्या सेटिंगमधून त्या नेटवर्कपुरती ती दोन मिनिटे बंद करावी, चाचणी घ्यावी आणि लगेच पुन्हा सुरू करावी. तिच्या खाली असणारी ‘बेस फिल्टरिंग इंजिन’ ही सर्व्हिस तर कधीच बंद करू नये. फायरवॉल, आयपीसेक आणि त्यावर चालणारे व्हीपीएन या सगळ्यांचा पाया तीच आहे.

आता बंद असण्याच्या प्रकारांविषयी, कारण नेमका येथेच पुष्कळांचा गोंधळ होतो. सर्व्हिसेसच्या यादीत जी सर्व्हिस चालू नाही ती बिघडलेली असते असे नाही. ‘मॅन्युअल’ असलेली सर्व्हिस गरज पडेपर्यंत थांबून राहते; एखाद्या प्रोग्रॅमने हाक दिली, दुसऱ्या सर्व्हिसला ती लागली किंवा यूएसबी उपकरण जोडण्यासारखी घटना घडली, की विंडोज तिला सुरू करते. ‘डिसेबल्ड’ सर्व्हिसला मात्र कोणाच्याही हाकेने उठता येत नाही. ती ज्यांचा आधार आहे त्या सर्व सर्व्हिसेस तिच्यासोबत अडून बसतात. विंडोजच्या सेटिंग साठवणाऱ्या रजिस्ट्रीमध्ये प्रत्येक सर्व्हिसच्या नोंदीत ‘स्टार्ट’ नावाचे मूल्य असते: २ म्हणजे ऑटोमॅटिक, ३ म्हणजे मॅन्युअल आणि ४ म्हणजे डिसेबल्ड. ० आणि १ ही मूल्ये ड्रायव्हरांसाठी आहेत, त्यांना हात लावू नये. ‘ऑटोमॅटिक’मध्येही ‘डिलेड स्टार्ट’ असा एक प्रकार आहे, ज्यात सर्व्हिस यंत्र सुरू झाल्यावर सुमारे दोन मिनिटांनी उठते. सकाळी संगणक लावल्या लावल्या जोडणी होत नाही आणि चहा घेऊन आल्यावर होते, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा कारण हेच असते आणि ते सर्व्हिसचा प्रकार साधा ‘ऑटोमॅटिक’ केल्याने दूर होते.

सर्व्हिस सुरू करताना येणारा एरर क्रमांक टिपून ठेवावा, कारण तो दिशा अचूक दाखवतो. १०५८ आला तर तीच सर्व्हिस डिसेबल्ड आहे. १०६८ आला तर ती स्वतः ठीक आहे, पण ती जिच्यावर अवलंबून आहे ती सुरू झाली नाही. अशा वेळी तिच्या प्रॉपर्टीजमधील ‘डिपेन्डन्सीज’ टॅब उघडा: वरच्या चौकटीत तिला लागणाऱ्या सर्व्हिसेस असतात आणि खालच्या चौकटीत तिच्यावर विसंबलेल्या. वरच्या चौकटीतील प्रत्येक नाव तपासत, गरज पडल्यास त्या नावाचीही डिपेन्डन्सी उघडत, सर्वांत खालची डिसेबल्ड सर्व्हिस सापडेपर्यंत जायचे आणि दुरुस्ती तेथून वर करत यायची. १०६९ याचा अर्थ अगदी वेगळा आहे. सर्व्हिस ज्या खात्याखाली चालते त्याचा पासवर्ड बदललेला आहे. १०५३ म्हणजे सर्व्हिसने ठरलेल्या वेळेत, सहसा ३० सेकंदांत, उत्तर दिले नाही. या शेवटच्या दोन चुकांमध्ये स्टार्टअप टाइप कितीही बदलला तरी उपयोग होत नाही.

यापुढचा भाग दुरुस्तीइतकाच महत्त्वाचा आहे, तो म्हणजे सर्व्हिस कोणी बंद केली हे शोधणे. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘विंडोज लॉग्ज’खालील ‘सिस्टिम’ लॉग उघडा आणि ७०४० हा इव्हेंट क्रमांक गाळून पाहा. ‘अमुक सर्व्हिसचा स्टार्ट टाइप ऑटो स्टार्टवरून डिसेबल्ड असा बदलला’ अशा आशयाच्या नोंदी दिसतील आणि प्रत्येक नोंदीसोबत वेळ व वापरकर्त्याचे खाते असेल. एकाच मिनिटात पंधरा-वीस सर्व्हिसेस एकाच खात्याखाली डिसेबल झालेल्या दिसल्या, तर स्क्रिप्टने काय काय केले त्याची आयती यादीच तुमच्या हाती येते. बदल ‘सिस्टिम’ खात्याने केलेला असेल, तर त्यामागे ग्रुप पॉलिसी (सर्व संगणकांवर एका ठिकाणाहून लागू होणारे नियम), अँटिव्हायरस किंवा एखादा इन्स्टॉलर असू शकतो. ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्स्फर सर्व्हिस’च्या अशा नोंदी मात्र नेहमीच दिसतात, ती आपला प्रकार स्वतःच बदलत असते, तिच्याकडे दुर्लक्ष करावे.

येथे एक मर्यादा आहे. स्क्रिप्टने सर्व्हिस व्यवस्थापकामार्फत न जाता रजिस्ट्रीतील ‘स्टार्ट’ मूल्य थेट ४ केले असेल, तर ७०४० ची नोंद होत नाही आणि परिणामही यंत्र रीस्टार्ट झाल्यावरच दिसतो. तुमच्याकडे बिघाड दुसऱ्या दिवशी दिसला, त्यामुळे ही शक्यता तपासावीच लागेल. त्यासाठी विंडोजची तीच आवृत्ती असलेला, स्क्रिप्ट न चाललेला एखादा क्लायंट संगणक घ्या. दोन्ही यंत्रांवर पॉवरशेलच्या ‘गेट-सर्व्हिस’ कमांडने सर्व सर्व्हिसेसची नावे व स्टार्ट टाइप फाइलमध्ये उतरवून घ्या आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि काही अक्षरे-आकडे असलेल्या सर्व्हिसेस प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळ्या तयार होतात. त्या जुळणार नाहीत आणि जुळण्याची गरजही नाही. उरलेल्या फरकांतून फक्त मुख्य संगणकावर डिसेबल्ड असलेली नावे वेगळी काढा आणि प्रत्येक सर्व्हिसला चांगल्या यंत्रावर जो प्रकार आहे तोच द्या.

सगळ्याच सर्व्हिसेस ‘ऑटोमॅटिक’ करून टाकणे ही दुरुस्ती नव्हे. ‘रिमोट रजिस्ट्री’ आणि ‘राउटिंग अँड रिमोट अॅक्सेस’ या सर्व्हिसेस साध्या विंडोज संगणकावर मुळातच डिसेबल्ड असतात आणि तशाच असाव्यात. ‘प्रिंट स्पूलर’चे उदाहरणही बोलके आहे: २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ ही त्रुटी उघड झाल्यानंतर डोमेन कंट्रोलरवर (कार्यालयातील सर्व संगणकांची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) तो बंद ठेवण्याचा सल्ला देण्यात आला. अशा ठिकाणी तो बंद दिसला म्हणून सुरू करणे म्हणजे कोणीतरी विचारपूर्वक लावलेले कुलूप काढणे होय. कार्यालय डोमेनवर असेल आणि तुम्ही सुरू केलेली सर्व्हिस दीड-दोन तासांत पुन्हा डिसेबल्ड होत असेल, तर ग्रुप पॉलिसी ती बंद करत आहे असे समजा. पॉलिसी दर ९० मिनिटांनी, अधिक ३० मिनिटांपर्यंतच्या फरकाने, पुन्हा लागू होते. तेथे तुमच्या यंत्रावर झगडून काही होणार नाही, पॉलिसी सांभाळणाऱ्या व्यक्तीशीच बोलावे लागेल.

विंडोजच्या ‘एमएस कॉन्फिग’ या साधनातून सर्व्हिसेसच्या खुणा काढून ठेवण्याचा प्रकारही याच जातीचा आहे. सॉफ्टवेअर कंपनीच्या सांगण्यावरून कोणीतरी ‘क्लीन बूट’ करते, म्हणजे मोजक्याच सर्व्हिसेसनिशी संगणक सुरू करते, तपासणी होते आणि खुणा परत लावायच्या राहून जातात. त्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवलेल्या असतील, तर एसक्यूएल सर्व्हर वाचतो, पण बिलिंग सॉफ्टवेअरची परवाना तपासणारी सर्व्हिस बंद होते आणि मग सॉफ्टवेअर ‘परवाना सर्व्हरशी संपर्क होत नाही’ अशी तक्रार करते. तेथे ‘जनरल’ टॅबवर ‘नॉर्मल स्टार्टअप’ निवडून रीस्टार्ट करणे पुरेसे असते.

वेग वाढवण्याच्या मूळ हेतूबद्दलही स्पष्ट लिहितो. टास्क मॅनेजरमध्ये ‘एसव्हीसीहोस्ट’च्या डझनावारी प्रक्रिया दिसतात आणि त्या पाहून लोक घाबरतात. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून, साडेतीन जीबीहून अधिक रॅम असलेल्या यंत्रांवर, पूर्वी एका प्रक्रियेत एकत्र चालणाऱ्या अनेक सर्व्हिसेस वेगवेगळ्या केल्या गेल्या, म्हणून त्यांची संख्या मोठी दिसते. एक बिघडली तर बाकीच्या वाचाव्यात, असा त्यामागचा हेतू आहे. बसून असलेली सर्व्हिस प्रोसेसर जवळजवळ वापरतच नाही. डेटाबेस चालवणारा संगणक हळू असेल तर आधी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आहे का आणि रॅम पुरेशी आहे का ते पाहावे. सर्व्हिसेस बंद करून मिळणारा लाभ नगण्य असतो आणि त्यापायी बंद पडलेले एका दिवसाचे बिलिंग फार महाग पडते.

त्या स्क्रिप्टचे परिणाम इतरत्रही दिसतील, म्हणून काही लक्षणे नोंदवून ठेवतो. ब्राउझरमध्ये सर्व संकेतस्थळे उघडतात, पण आउटलुक किंवा ऑफिस ‘इंटरनेट नाही’ म्हणते, तेव्हा वर सांगितलेल्या नेटवर्क ओळखणाऱ्या सर्व्हिसेसच पाहाव्यात. हे प्रोग्रॅम इंटरनेट आहे की नाही हे विंडोजला विचारतात, स्वतः तपासत नाहीत. सामायिक फोल्डर उघडेनासे झाले तर मुख्य संगणकावर ‘सर्व्हर’ आणि क्लायंटवर ‘वर्कस्टेशन’ ही सर्व्हिस पाहावी. ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ सुरू करूनही आपोआप बंद होत असेल तर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ व ‘एसएसडीपी डिस्कव्हरी’ या बहुधा डिसेबल्ड असतात. व्हीपीएन जोडताना ७११ क्रमांकाची चूक आली तर ‘रिमोट अॅक्सेस कनेक्शन मॅनेजर’ उठत नाही असा अर्थ घ्यावा. संगणकाचे घड्याळ मागेपुढे जाऊ लागले आणि सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची तक्रार करू लागली तर ‘विंडोज टाइम’ पाहावी.

जीएसटी, आयकर किंवा ई-निविदेसाठी डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन त्याच संगणकावर वापरत असाल, तर त्याची तपासणी आजच करून घ्या, शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. बहुतेक टोकन विंडोजला स्मार्ट कार्ड म्हणून दिसतात. ‘स्मार्ट कार्ड’ ही सर्व्हिस डिसेबल्ड असली की टोकनचा दिवा लागतो, पण प्रमाणपत्रांची यादी रिकामी राहते. ‘सर्टिफिकेट प्रोपगेशन’ बंद असली तरी हाच अनुभव येऊ शकतो. मात्र रिमोट डेस्कटॉपने त्या संगणकावर बसून पाहत असाल तर तेथे लावलेला टोकन एरवीही दिसत नाही, कारण रिमोट डेस्कटॉपच्या सत्रात तुमच्या समोरच्या संगणकाचे स्मार्ट कार्ड धरले जाते. ही चाचणी प्रत्यक्ष त्या यंत्रासमोर बसूनच करावी.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी डेटाबेसचा बॅकअप घेऊन तो दुसऱ्या यंत्रावर ठेवा. मग यूडीएलच्या दोन्ही चाचण्या करा, ७०४० च्या नोंदी काढा, याद्यांची तुलना करा आणि सर्व्हिसेसचे प्रकार पूर्ववत करा. प्रत्येक बदल कागदावर जुन्या व नव्या प्रकारासह लिहा. शेवटी मुख्य संगणक पूर्ण रीस्टार्ट करा, तीन मिनिटे थांबा आणि कोणीही त्यावर लॉगिन न करता क्लायंटवरून सॉफ्टवेअर उघडून पाहा. लॉगिन केल्यावरच जोडणी होत असेल तर एखादी गोष्ट सर्व्हिस म्हणून न चालता वापरकर्त्याच्या स्टार्टअपमधून चालते आहे.

इतके करूनही जोडणी झाली नाही, तर पुढच्या वेळी लिहिताना या चार गोष्टी कळवा: यूडीएलच्या दोन्ही चाचण्यांचे शब्दशः संदेश, मुख्य संगणकावरील नेटस्टॅटमध्ये डेटाबेसच्या पोर्टची ओळ, नेटवर्क ‘पब्लिक’ दिसते की ‘प्रायव्हेट’, आणि चांगल्या यंत्राशी तुलना केल्यावर उरलेल्या डिसेबल्ड सर्व्हिसेसची यादी. शक्य असेल तर ती स्क्रिप्टही पाठवा, म्हणजे तिने रजिस्ट्रीत सर्व्हिसेसखेरीज आणखी काय बदलले ते पाहता येईल.